पडद्यावरचा तास आणि घरातली परीक्षा

२८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षांबद्दल निकाल दिला. परीक्षा न घेता अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना उत्तीर्ण करण्याचा अधिकार राज्यांना नाही, फार तर विद्यापीठ अनुदान आयोगाकडे मुदत वाढवून मागता येईल, असं न्यायालयाने सांगितलं. त्याआधीचे तीन महिने महाराष्ट्रात याच प्रश्नावर ओढाताण चालली होती. जूनमध्ये राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने परीक्षा न घेण्याचं ठरवलं होतं, राज्यपालांचा त्याला विरोध होता, आणि ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबरअखेर परीक्षा झाल्याच पाहिजेत असं बजावलं. युवा सेनेसह अनेकांच्या याचिका दिल्लीत पोहोचल्या. या सगळ्या गदारोळात वाद रंगला तो परीक्षा घ्यायची की नाही, एवढ्यावरच. घ्यायची तर कशासाठी, आणि घरी बसलेल्या मुलाला नेमकं काय विचारायचं, यावर सार्वजनिक चर्चा जवळजवळ झालीच नाही.

निकालानंतर विद्यापीठांच्या हाती महिना-दीड महिना उरला. एवढ्या वेळात लाखो विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन निकालही लावायचा, तर यंत्राला तपासता येईल असाच पेपर काढणं भाग होतं. ऑक्टोबरमध्ये मुंबई आणि पुणे विद्यापीठांनी एका तासाची, ५० गुणांची बहुपर्यायी परीक्षा घेतली. इतर विद्यापीठांनीही थोड्याफार फरकाने तीच वाट धरली. लॉग-इन होत नाही, पान उघडत नाही, उत्तरपत्रिका सबमिट होत नाही, अशा तक्रारींनी वर्तमानपत्रं भरली. मुंबई विद्यापीठाच्या दूरस्थ शिक्षण संस्थेची परीक्षा सायबर हल्ल्यामुळे पुढे ढकलावी लागली. अशा दिवसांत ज्यांनी हे काम तडीला नेलं, त्या परीक्षा विभागातल्या माणसांबद्दल मला आदर आहे. पण त्या पेपरने काय मोजलं, याचं गणित एकदा मांडून पाहायला हवं.

समजा, चार-चार पर्यायांचे ५० प्रश्न आहेत, प्रत्येकाला एक गुण आहे आणि चुकीला गुण वजा होत नाहीत. उत्तीर्ण व्हायला ४० टक्के, म्हणजे २० गुण लागतात. एखाद्या मुलाला ५० पैकी फक्त १० प्रश्नांची उत्तरं खरोखर येतात. उरलेल्या ४० प्रश्नांत त्याने डोळे मिटून खुणा केल्या, तर सरासरी १० बरोबर येतील. झाले २०. विषयाचा जेमतेम पाचवा भाग येणारा मुलगा संभाव्यतेच्या नियमानेच उत्तीर्णतेच्या रेषेवर येऊन पोहोचतो. प्रत्येक प्रश्नात एक पर्याय उघड चुकीचा म्हणून बाजूला काढता आला, तर तो २३ पर्यंत जातो. शेजारी उघडं पडलेलं पुस्तक आणि फोनवरचा मित्रांचा गट या हिशेबात धरलेलाच नाही.

बहुपर्यायी प्रश्न मुळात वाईट नसतो. लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा आणि वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ त्यावरच चालते. पण तिथे चुकीला गुण कापले जातात, पर्याय विचारपूर्वक रचलेले असतात आणि परीक्षा केंद्रावर होते. चांगल्या बहुपर्यायी प्रश्नातला प्रत्येक चुकीचा पर्याय हा विद्यार्थ्याच्या एखाद्या ठरावीक गैरसमजातून आलेला असावा लागतो. असा एक प्रश्न बांधायला अनुभवी शिक्षकालाही बराच वेळ द्यावा लागतो. २०२० साली आपल्या शिक्षकांना घाईघाईने शेकड्यांनी प्रश्नांच्या पेढ्या भरायला लागल्या. त्यामुळे बहुतेक प्रश्न व्याख्या, सनावळ्या आणि सूत्रं यांच्यापाशीच थांबले.

त्याची किंमत मुलांनी मोजली. ‘कोविड बॅच’ हा शब्द नोकरीच्या मुलाखतींपासून लग्नाच्या बोलण्यांपर्यंत सर्रास वापरला गेला. त्याच वर्षी कृषी अभ्यासक्रमाच्या काही गुणपत्रिकांवर ‘प्रमोटेड कोविड-१९’ असा शेरा छापून आला आणि राज्यभर संताप उसळला. तो संताप योग्यच होता. ज्या मुलांनी परीक्षेचा प्रकार निवडला नव्हता, त्यांच्या माथी हा शिक्का मारणं अन्यायाचं होतं.

परीक्षेच्या आधी शिकवण्याकडे वळू, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे. मार्च २०२० मध्ये महाविद्यालयं बंद झाली आणि पुढच्या काही आठवड्यांत वर्गातला तास जसाच्या तसा झूम किंवा गूगल मीटवर गेला. वेळापत्रक तेच, ४५ किंवा ६० मिनिटं तीच, बोलणारा एकटाच. २७ मार्च २०२० रोजीच अमेरिकेतल्या चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लेखात सावध केलं होतं की, संकटात तात्पुरतं दुरून शिकवणं आणि ऑनलाइन शिकण्यासाठी मुद्दाम आखलेला अभ्यासक्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यावरून दुसऱ्याची परीक्षा करू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. आपण मात्र नेमकं तेच केलं. वाईट अनुभव आला आणि ‘ऑनलाइन म्हणजे फसवणूक’ असा निष्कर्ष काढून मोकळे झालो.

या तात्पुरत्या शिकवण्याला पहिली भिंत आडवी आली ती डेटाची. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातल्या ग्रामीण भागात १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती, शहरांत ४२ टक्क्यांकडे. संगणक ग्रामीण भागात ४.४ टक्के कुटुंबांकडे आणि शहरी भागात २३.४ टक्के कुटुंबांकडे होता. म्हणजे बहुसंख्य मुलांचं महाविद्यालय हे फोनच्या पडद्यावर मावणार होतं, आणि तो फोनही अनेकदा वडिलांचा किंवा धाकट्या भावंडांबरोबर वाटून घेतलेला. सेकंदाला एक मेगाबिट या बेताच्या वेगाने तासभर व्हिडिओ पाहिला तर सुमारे ४५० एमबी खर्च होतात. दिवसाला चार तास धरले तर १.८ जीबी. त्या काळात घरोघर दिसणारा पॅक होता दिवसाला दीड जीबीचा. चौथा तास अर्धाही होण्याआधी, सुमारे सव्वातीन तासांत पॅक संपतो, आणि घरातल्या इतरांचा वापर यात नाहीच. तेच व्याख्यान नुसत्या आवाजाच्या रूपात, सेकंदाला ६४ किलोबिटने रेकॉर्ड करून पाठवलं, तर तासाला २९ एमबी पुरतात. सोबत आठ-दहा पानांची टिपणं दिली की झालं. सातपुड्याच्या कुशीतल्या गावांत आणि कोकणात डोंगरावर रेंज शोधत चढणाऱ्या मुलांसाठी हा फरक शिकणं आणि न शिकणं यातला होता. अनेक शिक्षकांनी हे कुणी न सांगता ओळखलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी टिपणं पाठवायला सुरुवात केली. कुठल्याही परिपत्रकात याची शिफारस ठळकपणे यायला हवी होती. त्याऐवजी अनेक ठिकाणी शिक्षकाकडून मागितला गेला तो किती तास घेतले याचा अहवाल, हजेरीच्या स्क्रीनशॉटसह.

वास्तविक दुरून शिकवण्याचं शास्त्र आपल्याला नवीन नव्हतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले हे पुणे विद्यापीठाचे आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू होते, म्हणजे वर्गात शिकवणारं आणि दुरून शिकवणारं अशी दोन्ही प्रकारची विद्यापीठं त्यांनी आतून पाहिली होती. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेतलेल्या या विद्यापीठाने शेतकऱ्यांपासून गृहिणींपर्यंत अनेकांना घरबसल्या पदवीपर्यंत नेलं. मुक्त विद्यापीठाचं पुस्तक नेहमीच्या पाठ्यपुस्तकासारखं नसतं. ते विद्यार्थ्याशी बोलतं, थोडं सांगून थांबतं, ‘आता हे करून पाहा’ म्हणतं, आणि घटकाच्या शेवटी उत्तरं देऊन स्वतःला तपासायला लावतं. स्वयंअध्ययनासाठी लिहिलेल्या अशा साहित्याचा तीस वर्षांचा अनुभव आपल्याच राज्यात पडून होता. मार्च २०२० मध्ये पारंपरिक विद्यापीठांनी आधी नाशिकला फोन करायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीची गोष्टही इथे सांगण्यासारखी आहे. १९६९ साली तिला सनद मिळाली आणि १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी शिकू लागले. तिचं नाव निघालं की लोकांना बीबीसीवरची पहाटेची आणि रात्री उशिराची व्याख्यानं आठवतात. पण तिचा कणा होता टपालाने जाणारा गृहपाठ. विद्यार्थी तो लिहून पाठवायचा, नेमून दिलेला मार्गदर्शक तो वाचून समासात आणि शेवटी सविस्तर शेरे लिहायचा आणि परत पाठवायचा. टीव्ही नसता तरी ते विद्यापीठ कसंबसं चाललं असतं. शेरे नसते तर चाललं नसतं.

मायकेल मूर या अभ्यासकाने १९७०च्या दशकापासून मांडलेला विचार याच अनुभवाला नेमका लागू पडतो. त्यांच्या मते शिक्षणातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात संवाद किती आहे, अभ्यासक्रमाची रचना किती ताठर आहे आणि विद्यार्थी स्वतःच्या बळावर किती चालू शकतो, यावर ते ठरतं. दीडशे मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून वर्षभर एकही प्रश्न न विचारणारी मुलगी शिक्षकापासून फार दूर असते. आणि गडचिरोलीतून महिन्यातून दोनदा उत्तर लिहून पाठवणारी, त्यावर शेरा मिळणारी मुलगी जवळ असू शकते. ऑनलाइन शिक्षण चांगलं की वाईट हा वाद घालण्याआधी हे अंतर मोजावं. आपल्या ऑनलाइन वर्गांत ते वाढलं, कारण कॅमेरे बंद, माइक बंद आणि एकतर्फी बोलणं. संवादासाठी आपण काहीही नव्याने आखलं नव्हतं.

नव्याने आखायचं म्हणजे काय, याची उत्तरंही पवईत तयार होती. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात दहा मिनिटांच्या आसपासचे पाठ असतात. पडद्यावर सॉफ्टवेअर चालताना दिसतं आणि आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळतो. विद्यार्थी एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर उघडून ठेवतो, थोडं ऐकतो, थांबवतो, स्वतः करून बघतो. पाठ रेकॉर्ड करण्याआधी त्याची संहिता विषय न जाणणाऱ्या नवशिक्याकडून तपासून घेतली जाते. किती साधी पण मोलाची पायरी आहे ही! त्याच संस्थेत सहाना मूर्ती आणि श्रीधर अय्यर यांनी शिकणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवून ऑनलाइन अभ्यासक्रम रचण्याची पद्धत विकसित केली. त्यात व्हिडिओ मध्येच थांबतो आणि विद्यार्थ्याला विचारतो, पुढे काय होईल असं तुला वाटतं? विद्यार्थ्याने काही लिहिल्यावर मग शिक्षक त्या उत्तरांचा समाचार घेत पुढे जातो.

लहान तुकड्यांचा आग्रह हौसेपोटी धरलेला नाही. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन मंचावरच्या चार अभ्यासक्रमांतले ६९ लाख वेळा व्हिडिओ पाहिले गेल्याचे तपशील तपासले. व्हिडिओ कितीही लांब असो, निम्म्या वेळा तरी पाहणाऱ्याचं लक्ष सहा मिनिटांच्या पुढे टिकत नव्हतं. साठ मिनिटांचं रेकॉर्डिंग अपलोड करून ‘मुलांनी बघून घ्यावं’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

दुसरा एक प्रयोग मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून, मग न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारलं तेव्हा चित्र उलटलं: दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. आठवण्याचा प्रयत्न हाच शिकण्याचा सगळ्यांत पक्का मार्ग ठरला, आणि त्या प्रयत्नाला गुण द्यायची गरजही पडली नाही. परीक्षेचा खरा उपयोग इथे आहे. ती शिकण्याच्या मधोमध, पुन्हा पुन्हा, कमी दडपणाने आली तर ज्ञान टिकतं. आपल्याकडे ती शेवटी एकदाच, तीन तासांची, जीव मुठीत घेऊन येते. ऑनलाइन साधनांनी पहिल्यांदाच हे शक्य केलं होतं की, शंभर मुलांना दर आठवड्याला पाच प्रश्न द्यावेत, उत्तर चुकलं तर का चुकलं ते लगेच सांगावं आणि पुन्हा प्रयत्न करू द्यावा. मूडल किंवा गूगल फॉर्मसारख्या फुकट साधनांवर हे आजही होतं. बहुपर्यायी प्रश्नाची खरी जागा हीच आहे, अंतिम पदवीचा निकाल ठरवण्याची नाही.

प्रात्यक्षिकांचं दुःख वेगळं. केंद्र सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्स प्रकल्पात आयआयटी मुंबईसह अनेक संस्थांनी बनवलेले आभासी प्रयोग वापरून काहींनी काम चालवलं. ते समजून घेण्यासाठी चांगले आहेत, हात बसण्यासाठी नाहीत. ब्युरेटची तोटी किती सोडायची हे बोटांना कळावं लागतं. तरी एक गोष्ट जमण्यासारखी होती: प्रत्येक मुलाला थोडी वेगळी निरीक्षणं द्यायची, एखाद्या तक्त्यात मुद्दाम एक चूक पेरायची, आणि ती शोधून कारण लिहायला सांगायचं. जर्नल एकमेकांचं बघून उतरवण्याची आपली जुनी प्रथा अशा एका युक्तीने मोडली असती.

घरातल्या परीक्षेचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो कॉपीचा. त्यावर जगभर दोन उत्तरं दिली गेली. पहिलं, पहारा वाढवायचा: कॅमेरा सुरू ठेवा, खोली फिरवून दाखवा, नजर पडद्यावरून हलली की सॉफ्टवेअर नोंद घेईल. अमेरिकेत क्लीव्हलंड स्टेट युनिव्हर्सिटीच्या एका विद्यार्थ्याने परीक्षेआधी स्वतःच्या खोलीचं असं चित्रण करायला लावल्याबद्दल दावा केला, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या फेडरल न्यायाधीशाने तो झाडाझडतीसारखा प्रकार असून घटनेने दिलेल्या संरक्षणाचा भंग करतो, असा निर्णय दिला. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे आजी झोपलेली आहे आणि भाऊ मोबाइलवर तास करतो आहे, तिथे हा पहारा म्हणजे गरिबीची जाहीर तपासणी आहे. नजर हलली म्हणून संशय घेणारं यंत्र घरातलं मूल रडलं म्हणून मान वळवणाऱ्या आईला काय समजणार?

दुसरं उत्तर: पुस्तक उघडं ठेवू द्या आणि प्रश्न बदला. दिल्ली विद्यापीठाने ऑगस्ट २०२० मध्ये अंतिम वर्षासाठी पुस्तक उघडं ठेवून परीक्षा घेतली. उत्तरं कागदावर लिहायची, फोटो काढायचे आणि ते अपलोड करायचे. त्यावर विद्यार्थ्यांचा रोष झाला, त्यात इंटरनेटच्या अडचणी होत्याच. पण एक अडचण प्रश्नांची होती. पुस्तक उघडं असेल आणि प्रश्न ‘व्याख्या सांगून प्रकार स्पष्ट करा’ असाच असेल, तर परीक्षा ही उतरवून काढण्याची शर्यत होते. उघड्या पुस्तकासाठी प्रश्नाचा जन्मच वेगळा व्हावा लागतो.

अर्थशास्त्राचं उदाहरण घेऊ. ‘मागणीची लवचिकता म्हणजे काय?’ हा प्रश्न पुस्तकात आहे, उत्तर पुस्तकात आहे. त्याऐवजी असं विचारा: तुमच्या जवळच्या बाजार समितीतली गेल्या चार आठवड्यांची कांद्याची आवक आणि भाव मिळवा. भाव आवकेपेक्षा जास्त वेगाने खाली-वर झाला का? का झाला असेल? शेतकऱ्याला यातून काय अडचण येते आणि साठवणूक केल्याने तुमच्या तालुक्यात काय बदलेल? लासलगावचा विद्यार्थी आणि चाकणचा विद्यार्थी वेगळे आकडे आणतील. दोघांनाही सिद्धांत लागेल, पण उतरवून चालणार नाही. इतिहासात एकाच घटनेची दोन परस्परविरोधी कागदपत्रं देऊन कुणावर किती विश्वास ठेवाल आणि का, असं विचारता येतं. बी.एड.च्या वर्गात ज्ञान, आकलन, उपयोजन या पायऱ्या आपण सगळे शिकतो. पेपर काढताना मात्र पहिल्याच पायरीवर बसतो, कारण तिथलं उत्तर तपासायला सोपं.

मग ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आलं आणि घरी लिहायच्या उत्तरांवरचा विश्वास पुन्हा डळमळला. कांद्याच्या प्रश्नाचं उत्तरही आता यंत्र बरंच नीट लिहील. यावर सगळं पुन्हा बंद खोलीत, निळ्या-काळ्या शाईत नेणं हा उपाय अनेकांना सुचतो आणि काही भाग तसा घ्यावाही लागेल. पण आपल्याकडे एक जुनं हत्यार आहे, तोंडी परीक्षा. व्हायवा विज्ञान-अभियांत्रिकीत आहे, पण बहुतेकदा ती सबमिशनच्या गर्दीत औपचारिकता होऊन जाते. घरी लिहून आणलेल्या कामावर पाच मिनिटं बोलायला लावलं की कुणी केलं, कुणी करून घेतलं, हे लपत नाही. ‘हा आकडा कुठून आणलास?’, ‘हे वाक्य असंच का लिहिलंस?’, ‘भाव उलट असते तर निष्कर्ष काय आला असता?’ एवढे तीन प्रश्न पुरतात. आणि हे बोलणं फोनवरही होऊ शकतं, व्हिडिओ लागत नाही.

शिक्षक विचारतील, वेळ कुठून आणायचा? प्रश्न अगदी रास्त आहे. १२० मुलांच्या वर्गात प्रत्येकी पाच मिनिटं म्हणजे ६०० मिनिटं, दहा तास. सत्राच्या पंधरा आठवड्यांत विभागले तर आठवड्याला ४० मिनिटं, एका तासिकेहून कमी. ते करता येण्यासारखं आहे, पण एका अटीवर: बाकीचं काही कमी करावं लागेल. तीन तासांचा पेपर तसाच, अंतर्गत परीक्षा तशीच, अहवाल तसेच आणि वर हे, असं म्हटलं तर ते कागदावरच राहील. दुसरी अडचण याहून खोल आहे. आपल्या अनेक महाविद्यालयांत वर्ग चालतात ते तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर, ज्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासांचे. निबंधावर शेरा लिहिण्याचे, तोंडी परीक्षेचे, मुलीने रात्री पाठवलेल्या शंकेला उत्तर देण्याचे पैसे त्यात नाहीत. ज्या कामावर शिक्षण उभं आहे, ते काम आपण मोजतच नाही. ही गोष्ट सुधारल्याशिवाय मूल्यमापनाच्या कुठल्याही नव्या योजनेवर माझा विश्वास बसणार नाही.

तंत्र बदललं आणि रीत तीच राहिली की काय होतं, याचा धडा मुंबईला महामारीच्या तीन वर्षं आधीच मिळाला होता. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायचं एका झटक्यात ठरवलं. १७ लाखांच्या घरातल्या उत्तरपत्रिका, पुरेशी तयारी नाही, पुरेसं प्रशिक्षण नाही. निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावं लागलं. पडद्यावरच्या तपासणीत गैर काही नव्हतं. पण प्रश्न, शेरे आणि विद्यार्थ्याला मिळणारा प्रतिसाद यांचा कुणी विचारच केला नव्हता. २०२० मध्ये हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली.

२०२२ मध्ये वर्ग भरले आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकून जुन्या पेपराकडे परतलो. मधल्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवण्याची कल्पना मांडली, ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरच्या अभ्यासक्रमांचे श्रेयांक सत्राच्या ४० टक्क्यांपर्यंत ग्राह्य धरायची मुभा दिली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. त्यात सातत्यपूर्ण अंतर्गत मूल्यमापनाला मोठा वाटा आहे. कागदावर हे सगळं योग्य दिशेने आहे. प्रत्यक्षात अंतर्गत गुण म्हणजे एक टेस्ट, एक असाइनमेंट आणि सगळ्यांना जवळजवळ सारखे गुण, असं होऊ लागलं तर वर्षभर चालणारं मूल्यमापन म्हणजे वर्षभर चालणारी कारकुनी होईल.

म्हणून पेपर काढणाऱ्या आणि अभ्यासमंडळांवर बसणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. येत्या सत्रात सगळं बदलू नका. एका विषयात, एका घटकासाठी, पुस्तक उघडं ठेवून सोडवायचा एक प्रश्न घाला, त्यावर प्रत्येक मुलाशी पाच मिनिटं बोला, आणि एक परिच्छेद शेरा लिहून तो त्याच्या हाती द्या. आणि विद्यार्थ्यांनो, तपासलेली उत्तरपत्रिका मागा. ऑगस्ट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती माहितीच्या अधिकारात तुमची आहे असं सांगितलं आहे. पुनर्मूल्यांकनापुरती ती मागू नका. आपण कुठे चुकलो हे वाचण्यासाठी मागा, आणि तिच्यावर एकही शेरा नसेल तर तो का नाही, हे विभागप्रमुखांना लेखी विचारा.